पालिकेची सभा रेकॉर्ड कशी करायची, आणि केल्यावर ती सापडेल अशी कशी ठेवायची

माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगची फाईल अजून माझ्याकडे आहे. तिचं नाव होतं ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’. आवाज स्वच्छ आहे, माणसं तावातावाने बोलतायत, पण ती सभा कुठल्या तारखेची हे मला कित्येक वर्षं सांगता येत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून मित्राला पाठवली, त्याच्याकडून परत घेतली, फोन बदलला, आणि या फिराफिरीत फाईलवरची मूळ तारीख गेली.

दुसरं रेकॉर्डिंग मात्र कामाला आलं. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका प्रभाग समितीची सभा होती. विषय क्रमांक सात आमच्या गल्लीतल्या पर्जन्यजलवाहिनीचा होता. दोन महिन्यांनी इतिवृत्त, म्हणजे सभेची अधिकृत लेखी नोंद, हातात आलं, तर त्या विषयापुढे एकच ओळ: ‘सविस्तर चर्चेअंती प्रस्ताव मंजूर.’ माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ती सविस्तर चर्चा १९ मिनिटांची आहे. त्यात अभियंत्याने पावसाळ्याआधी काम पुरं होईल असं तीनदा सांगितलंय, एका नगरसेविकेने नकाशा मागितलाय आणि ‘पुढच्या सभेला ठेवतो’ असं उत्तर घेतलंय. नकाशा पुढच्या सभेला आला नाही. इतिवृत्तात मागणीच नव्हती, मग न आल्याचा प्रश्न कोण विचारणार?

तेव्हापासून मी आणि आमच्या वस्तीतली दोघं-तिघं जमेल तशा सभा रेकॉर्ड करतो. चुका भरपूर केल्या. त्या तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी कुठली सभा ते ठरवा

मुंबईत ‘पालिकेची सभा’ म्हणजे एक गोष्ट नाही. २२७ नगरसेवकांची महापालिका सभा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या मुख्यालयात भरते. पैशाचे मोठे निर्णय स्थायी समितीत होतात आणि तिची बैठक बुधवारी व्हायची प्रथा आहे. सुधार, शिक्षण आणि बेस्ट या समित्या वेगळ्या. त्यांच्या खाली प्रभाग समित्या. काही ठिकाणी दोन विभागांना मिळून एकच प्रभाग समिती असते.

नवख्या माणसाने सुरुवात प्रभाग समितीपासून करावी. विषय ओळखीचे असतात, खोली लहान असते, आणि कोण बोलतंय ते आवाजावरून कळतं. शिवाय कायद्याने प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांतले जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य घेता येतात. तुमच्या समितीवर असं कुणी असेल तर आधी त्यांना गाठा. आमचं निम्मं काम अशा एका बाईंच्या शब्दाने सोपं झालं.

दुसरी सोपी सुरुवात म्हणजे हरकती-सूचनांवरची सुनावणी. झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर किंवा रस्तारेषेवर तुम्ही स्वतः हरकत घेतली असेल, तर तिथे तुम्ही बघे नसता, पक्षकार असता. पर्यावरण मंजुरीसाठीच्या जनसुनावणीचं तर संपूर्ण चित्रीकरण झालंच पाहिजे, असं १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेतच आहे. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायचं असतं आणि त्याची प्रत कामकाजाच्या अहवालाला जोडायची असते. सुनावणीचा गोषवारा शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, हेही तिथेच लिहिलंय. कुणी ‘सरकारी कामात रेकॉर्डिंग चालत नाही’ म्हणालं, तर मी हा दाखला देतो.

एक अडचण जुन्या काळाची. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळपास चार वर्षांत सभागृह आणि समित्या नव्हत्याच; त्यांचे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळातल्या सभांचं रेकॉर्डिंग शोधत बसू नका. प्रशासकाने मंजूर केलेल्या प्रस्तावांची यादी आणि ठराव मागा.

२. कायदा काय म्हणतो आणि कुठे गप्प आहे

मुंबईला स्वतःचा कायदा आहे, मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. त्याच्या कलम ३६ प्रमाणे महापालिकेची सभा लोकांसाठी खुली असते. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असेल, तर हजर नगरसेवकांच्या बहुमताने तसं ठरवावं लागतं. कामकाजात अडथळा आणणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार सभेच्या अध्यक्षांना आहे. सभेचं इतिवृत्त वहीत लिहायचं, पुढच्या सभेत त्यावर सही व्हायची आणि ती वही सामान्य माणसाला किरकोळ फी भरून बघता आली पाहिजे, ही तरतूदही त्याच जुन्या कायद्यातली. एकशे तीसहून जास्त वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं, त्यांना वही लोकांची आहे हे पटलेलं होतं.

हा कायदा लिहिला तेव्हा रेकॉर्डर कुणाच्या खिशात नव्हता. सभा खुली आहे यावरून ‘मला रेकॉर्ड करता येईल’ असं मी मानतो, अध्यक्षांना ते मान्य असेलच असं नाही. समित्यांच्या बैठकीत तर अध्यक्षांच्या संमतीशिवाय उपकरण बाहेर काढू नका. भांडायचंच असेल तर कागदावर भांडा, दारात नको.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ इथे खरा उपयोगी पडतो. कलम ४(१)(ब) मध्ये प्रत्येक कार्यालयाने आपणहून जाहीर करायच्या गोष्टींची यादी आहे. त्यात आपल्या समित्या कोणत्या, त्यांच्या सभा लोकांसाठी खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का, हे सांगायची सक्ती आहे. पालिकेच्या विभाग कार्यालयाची ही माहिती एकदा वाचून काढा. तिथे ‘खुल्या आहेत’ लिहिलेलं सापडलं, तर त्याची प्रिंट अर्जाला जोडा.

३. अर्ज द्या, पोच घ्या

पहिल्यांदा मी नुसताच गेलो होतो. दारावरच्या सुरक्षारक्षकाने विचारलं, ‘कुणाकडे काम आहे?’ मी म्हटलं, सभा ऐकायची आहे. तो हसला. त्याने शिपायाला बोलावलं, शिपायाने क्लार्कला, आणि क्लार्कने ‘तुम्ही कुठल्या पक्षाचे?’ असं विचारलं. हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. उत्तर एकच ठेवा: ‘मी इथला रहिवासी, हा माझा अर्ज.’

सोबत न्यायचे कागद:

- अर्जाच्या दोन प्रती (एक त्यांना, दुसरीवर आवक शिक्का)
- ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स
- पत्त्याचा पुरावा, शक्यतो त्याच प्रभागातला
- सभेची कार्यक्रमपत्रिका मिळाली असेल तर तिची प्रत
- कलम ४ खालच्या माहितीची प्रिंट

अर्ज लांबलचक नको. आमचा नमुना असा:

*प्रति, मा. महानगरपालिका चिटणीस, बृहन्मुंबई महानगरपालिका. प्रत: मा. अध्यक्ष, … प्रभाग समिती. सहायक आयुक्त, … विभाग.*

*विषय: दि. … च्या प्रभाग समितीच्या सभेस प्रेक्षक म्हणून उपस्थित राहून ध्वनिमुद्रण करण्याबाबत.*

*महोदय/महोदया, मी वरील पत्त्यावरचा रहिवासी असून सदर सभेस प्रेक्षक म्हणून उपस्थित राहू इच्छितो. सभेचे ध्वनिमुद्रण स्वतःच्या उपकरणावर, कामकाजात व्यत्यय न आणता करीन. संपूर्ण, असंपादित ध्वनिमुद्रणाची एक प्रत आपल्या कार्यालयास विनामूल्य देईन. परवानगी नाकारायची झाल्यास कारण व संबंधित नियम लेखी कळवावा, ही विनंती.*

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ‘प्रत देईन’ म्हटलं की समोरच्याची भीती निम्मी होते. आणि नकाराचा नियम लेखी द्यायचा म्हटल्यावर पुष्कळदा नकारच येत नाही. उत्तरही येत नाही, हे वेगळं. मग सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांना फोन करा आणि ‘अर्ज तुमच्याकडे आहे, मी उद्या येतोय’ एवढंच सांगा.

अर्ज आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवतो’ या आश्वासनावर निघून येऊ नका. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नसतो.

४. पिशवीत काय हवं

महागडं काही लागत नाही. आम्ही पहिली दोन वर्षं फोनवरच काढली. नंतर वर्गणी काढून एक लहान हातरेकॉर्डर घेतला, कारण फोनवर भरवसा ठेवायला आम्हीच घाबरायला लागलो. ऐन स्थायी समितीच्या चर्चेत माझ्या मावशीचा फोन आला आणि तिथून पुढचं रेकॉर्डिंग बंद पडलं. मला कळलं ते घरी आल्यावर. फोन वापरणार असाल तर फ्लाइट मोडवर टाका, मगच रेकॉर्डिंग सुरू करा.

रेकॉर्डर असेल तर ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही असं सेटिंग ठेवा. एका तासाला साधारण ३५० एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर ९० तास मावतात. स्टिरिओची गरज नाही, आपण शास्त्रीय संगीताची मैफल रेकॉर्ड करत नाही. बाकी पॉवर बँक, सुटे सेल, जादा कार्ड, वही, दोन पेनं आणि एक जाडसर रुमाल. रुमालाची घडी रेकॉर्डरखाली घाला. नाहीतर टेबलावर कुणी हात आपटला की त्याचा दणका रेकॉर्डिंगमध्ये बॉम्बसारखा येतो, आणि आपल्याकडे टेबल आपटल्याशिवाय सभा होत नाही.

व्हिडिओ करायचा का? माझं मत नको, निदान पहिलं वर्षभर. कॅमेरा दिसला की बोलणारे कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, आणि आक्षेपही कॅमेऱ्यालाच जास्त येतो. आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याला हे पटत नाही. त्याच्या मते हात वर करून झालेलं मतदान आवाजात दिसत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. त्यावर आमचा तोडगा म्हणजे मतदान झालं की संख्या वहीत लिहून ठेवायची.

५. सभेच्या दिवशी

अर्धा तास आधी जा. छताच्या पंख्याखाली आणि एसीच्या झोतासमोर बसू नका. लाउडस्पीकर असेल तर त्याच्यापासून सात-आठ फुटांवरची जागा चांगली. अगदी चिकटून बसलात तर आवाज फाटतो. रेकॉर्डर टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. खिशात लपवून केलेलं रेकॉर्डिंग एकदा पकडलं गेलं की पुढच्या दहाजणांचा रस्ता बंद होतो.

सुरू केल्याबरोबर हळू आवाजात बोला: ‘आज अमुक तारीख, वार अमुक, वेळ दुपारी तीन दहा, अमुक प्रभाग समितीची सभा.’ हे दहा सेकंदांचं काम आहे. फाईलचं नाव हरवेल, कार्ड दुसऱ्याच्या हाती जाईल, तरी ही ओळ आवाजासोबतच राहते. माझ्या ‘४७’ मध्ये ती असती तर पुढचा सगळा खटाटोप वाचला असता.

मग वही उघडा. रेकॉर्डरच्या घड्याळावर नजर ठेवून प्रत्येक विषय कधी सुरू झाला तेवढं लिहा. सभेत विषय कसे सरकतात ते पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. ‘विषय क्रमांक तीन… मंजूर? मंजूर. विषय क्रमांक चार… मंजूर.’ चार विषय वीस सेकंदांत संपतात आणि पाचव्यावर पाऊण तास जातो. वही नसेल तर घरी ऐकताना कोणता विषय कुठला हे कळणार नाही. नवीन माणूस बोलायला उठला की त्याचं नाव किंवा हुद्दा, तेही न कळल्यास ‘निळा शर्ट, पाणी खात्याचे’ एवढं तरी टिपा. नाव नंतर शोधता येतं.

कुणी रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं तर? अध्यक्षांनी सांगितलं असेल तर बंद करा, वाद घालू नका. बंद करण्याआधी वेळ आणि ‘अध्यक्षांच्या सूचनेवरून थांबवत आहे’ एवढं बोला. दुसऱ्या दिवशी नियम लेखी मागणारं पत्र द्या. अध्यक्ष सोडून दुसऱ्या कुणी दम दिला, तर पोच मिळालेल्या अर्जाची प्रत दाखवा आणि अध्यक्षांकडे बघा.

६. त्याच रात्री करायची कामं

उद्यावर टाकू नका. थकून घरी आल्यावर कार्ड तसंच रेकॉर्डरमध्ये राहतं आणि पुढच्या सभेला कुणीतरी ते फॉरमॅट करतं. आमच्याकडे हे एकदा झालं आणि अडीच तास गेले. ज्याच्या हातून झालं तो अजून त्या विषयावर बोलत नाही.

फाईल संगणकावर उतरवा आणि नाव द्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग सभा: २०२६-०४-१७, एम पूर्व, प्रभाग समिती, भाग १. या क्रमाने नाव दिलं की फाईली आपोआप तारखेप्रमाणे रांगेत लागतात. संगणकावर नाव टाकताना रोमन अक्षरं आणि आकडे वापरा, मधे रिकामी जागा सोडू नका. देवनागरी नावं घरच्या संगणकावर नीट दिसतात, पण झिप करून पाठवली की कधीकधी त्यांचे चौकोन होतात.

मग मूळ फाईलचा एसएचए-२५६ हॅश काढा. नावाला घाबरू नका. हा त्या फाईलचा ठसा असतो, ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ. फाईलमधला एक क्षणही कापला तरी ओळ पार बदलते. नुसतं नाव बदललं तर तशीच राहते. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत तो काढायची सोय आधीपासून असते. निघालेली ओळ वहीत लिहा आणि स्वतःला व आणखी एकाला ईमेल करा, म्हणजे तारीखही लागते. उद्या कुणी ‘तुम्ही कापाकापी केलीत’ म्हणालं तर उत्तर तयार असतं. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश लिहायला जागाच आहे.

प्रती तीन: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, त्यांना ‘दुसऱ्याच्या घरी’ का, हे समजावून सांगावं लागत नाही. मूळ फाईलला हात लावायचा नाही. आवाज वाढवायचा, खरखर काढायची, तर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रतीवर काम करा.

७. विषयसूची

इथे बहुतेकांचा उत्साह संपतो, आणि इथेच रेकॉर्डिंगचं सार्वजनिक दप्तर होतं किंवा होत नाही. तीन तासांची फाईल ‘ऐका’ म्हणून कुणाला दिली तर कोणी ऐकत नाही. मीही ऐकत नाही. पण ‘तुमच्या गल्लीच्या गटाराचा विषय ४२ व्या मिनिटाला आहे’ म्हटलं की माणूस तिथल्या तिथे कानाला फोन लावतो.

वहीतल्या नोंदींवरून कार्यक्रमपत्रिकेच्याच क्रमाने सूची करा. आमची अशी दिसते:

००:००:०० सभा सुरू, उपस्थिती
००:०६:४० मागील इतिवृत्त कायम
००:०८:१५ विषय १ ते ४, चर्चेविना मंजूर
००:४२:१० विषय ७, पर्जन्यजलवाहिनी
००:५१:३० नकाशाची मागणी. पुढील सभेत ठेवण्याचे आश्वासन
०१:०१:१० विषय ७ मंजूर

भाषा कोरडी ठेवा. ‘नगरसेविका भडकल्या’, ‘अधिकाऱ्याची भंबेरी उडाली’ असलं काही सूचीत नको. मोह होतो, मला माहीत आहे. पण सूचीत एक जरी शेरा आला की सगळं रेकॉर्डिंग ‘त्या पार्टीचं’ होऊन बसतं.

विषय क्रमांकासोबत लोकांच्या तोंडचे शब्दही टाका. कार्यक्रमपत्रिकेत ‘मलनिस्सारण वाहिनी’ असतं, शोधणारा ‘गटार’ शोधतो. ‘पदपथ’ आणि ‘फुटपाथ’, ‘घनकचरा’ आणि ‘कचरा’ दोन्ही लिहा.

आवाजाचं लिखाण करून देणारी सॉफ्टवेअर आता मराठीलाही चालतात. व्हिस्पर फुकट आहे आणि स्वतःच्या संगणकावर चालतं. कच्चा मसुदा म्हणून ठीक. मात्र त्याने आमच्या ‘मलनिस्सारण’चं ‘मन निस्तारण’ केलं, आणि दोघं एकदम बोलायला लागले की ते स्वतःच्या मनाची वाक्यं घालतं. असं लिखाण तपासल्याशिवाय कुठेही टाकू नका, आणि टाकलंत तर वर ‘यंत्राने केलेला मसुदा, आवाजच ग्राह्य’ असं स्पष्ट लिहा.

८. लोकांसाठी कुठे ठेवायचं

यूट्यूबवर टाका, लोक तिथे येतात. पण तेवढ्यावर थांबू नका. खातं बंद झालं की सगळं एका दिवसात जातं. आम्ही मुख्य प्रत इंटरनेट आर्काइव्हवर ठेवतो. तिथे पैसे लागत नाहीत, मूळ फाईल जशीच्या तशी उतरवून घेता येते आणि तारीख, भाषा, विषय यांच्या नोंदी जोडता येतात. एकच जपा: तिथे पहिल्यांदा दिलेला ओळखशब्द (पासवर्ड नव्हे, लिंकमध्ये येणारं नाव) नंतर बदलत नाही, तेव्हा तो विचार करून द्या. फोनवर ऐकणाऱ्यांसाठी ६४ केबीपीएसची एमपीथ्री प्रत करा, तासाला जेमतेम २९ एमबी होते.

सुनावण्यांमध्ये लोक बोलता बोलता स्वतःचा फोन नंबर, खोली क्रमांक, आजारपण सगळं सांगून टाकतात. तेवढा भाग जाहीर प्रतीत ‘बीप’ करा आणि सूचीत तसं लिहा. मूळ प्रत अखंड ठेवा. नगरसेवक आणि अधिकारी पदावरून जे बोलतात, त्यावर मात्र बीप नाही.

तुकडे कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. फिरवायचाच असेल तर पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक आणि मिनिट सोबत द्या. नगरसेवकांना भीती रेकॉर्डिंगची नसते, तीस सेकंदांच्या क्लिपची असते, आणि ती भीती रास्त आहे.

९. पालिकेकडचं दप्तर मागणं

आपलं रेकॉर्डिंग कितीही चांगलं असलं तरी अधिकृत कागद पालिकेकडेच असतो. दोन्ही शेजारी ठेवता आले पाहिजेत.

सगळ्यात सोपी वाट सोमवारची. राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस. बऱ्याच टेबलांवर हे माहीत नसतं, म्हणून शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवा. ‘इतिवृत्त’ म्हणून कळलं नाही तर ‘मिनिट्सची फाईल’ म्हणा.

प्रत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मागणी नेमकी लिहा: अमुक तारखेच्या सभेची कार्यक्रमपत्रिका, कायम झालेलं इतिवृत्त, पालिकेने ध्वनिमुद्रण केलं असल्यास त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत, आणि असं ध्वनिमुद्रण किती काळ जपायचं हे ठरवणारं परिपत्रक. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागायचा हक्क कलम २ मध्ये आहे. ‘नकाशा का ठेवला नाही?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर ही माहिती नाही, म्हणून अर्ज परत येतो. ‘नकाशा ठेवल्याची नोंद असलेल्या पानाची प्रत द्या’ असं मागा.

उत्तराची मुदत ३० दिवस. फी भरा असं पत्र आलं तर ते निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही जमलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे बराच काळ थांबावं लागतं, म्हणून पहिलं अपीलच नीट तयारीने लढा.

नेहमीचे सापळे तीन. पहिला, ‘इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही’. ते पुढच्या सभेत होतं, तेव्हा अर्ज त्या सभेनंतर करा. दुसरा, तुम्ही वाट बघत असताना ध्वनिमुद्रण पुसलं जाणं. त्यासाठी सभेच्या आठवड्यातच ‘सदर ध्वनिमुद्रण जतन करावे’ असं वेगळं पत्र देऊन पोच घ्या. तिसरा, ‘फाईल सापडत नाही’. इथे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चं नाव घ्या. नियम मोडून अभिलेख नष्ट केल्यास त्याच्या कलम ९ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अपिलात ही एक ओळ टाकल्यावर आमच्या दोन हरवलेल्या फाईली आठवड्याभरात सापडल्या. एक कपाटाच्या वर होती म्हणे.

१०. वर्षातून एकदा

हार्ड डिस्क कपाटात पडून खराब होते. आम्ही दिवाळीच्या साफसफाईत तिन्ही प्रती लावतो, हॅश पुन्हा काढून यादीशी जुळवतो आणि न जुळणारी फाईल चांगल्या प्रतीवरून परत घेतो. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की नवी.

तारीख हरवलेल्या जुन्या फाईली याच वेळी ऐकून काढा. बातम्या, पाऊस, सण, बदली झालेला अधिकारी, काहीतरी धागा निघतो. माझ्या ‘४७’ मध्ये तो ३१ व्या मिनिटाला निघाला. मागून कुणीतरी म्हणतं, ‘आटपा लवकर, उद्या दहीहंडी आहे, पोरांना मंडपात सोडायचंय.’ ही सभा २०१८ ची की २०१९ ची, एवढाच घोळ होता. २०१८ ला दहीहंडी ३ सप्टेंबरला, सोमवारी होती. आदला दिवस रविवार, सभा असणं शक्य नाही. २०१९ ला ती २४ ऑगस्टला, शनिवारी. पुढच्या सोमवारी तीन वाजता विभाग कार्यालयात जाऊन मिनिट्सची फाईल उघडली, २३ ऑगस्टची सभा तिथे होती, विषयांचा क्रमही जुळला. घरी येऊन फाईलचं नाव बदललं आणि हॅश यादीत चढवला.